तीव्र मनोविकारानंतर पुन्हा कामावर

तीव्र मनोविकारातून सावरणाऱ्या व्यक्तीने काम केव्हा सुरू करावे, या प्रश्नाला आपल्या समाजात दीर्घकाळ एकच उत्तर दिले जात असे: पूर्ण बरे वाटल्यावर. अनेक रुग्णांच्या बाबतीत तो दिवस उगवतच नाही. औषधे चालू असतात, भास थांबलेले असतात, तरीही माणूस घरातच बसून राहतो. वर्षे उलटतात, हातातले कसब जाते आणि ‘याच्याकडून आता काही होणार नाही’ हे कुटुंबाचे मत पक्के होते. गेल्या चार दशकांतील संशोधन मात्र वेगळे सांगते. झेपेल असे, मोबदला मिळणारे काम हे बरे होण्याचे बक्षीस नसून बरे होण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. ते वेळेवर सुरू व्हावे आणि सुरू झाल्यावर आधार काढून घेतला जाऊ नये, एवढीच अट आहे.

शहरात हा विचार समुपदेशक, कार्यशाळा आणि समजूतदार मालक यांच्या भाषेत मांडता येतो. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्यात त्याचा अर्थ काय, हा अधिक अवघड प्रश्न आहे. गंगाखेड-लोहा मार्गावरील आणि गोदावरीच्या खोऱ्यातील हा तालुका प्रामुख्याने कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीवर जगतो. येथे कामावर परतणे म्हणजे बहुधा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रानात परतणे होय.

आजार कोणते, अडथळा कशाचा

तीव्र मनोविकार या संज्ञेत मुख्यत्वे छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार म्हणजे बायपोलर डिसऑर्डर आणि इतर मनोविदलात्मक आजार येतात. बंगळुरूच्या निमहॅन्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. या सर्वेक्षणानुसार दर हजार प्रौढांमागे सुमारे आठ जणांना त्या वेळी तीव्र मनोविकार होता आणि अशा रुग्णांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश उपचारांबाहेर होते. हेच प्रमाण धरले, तर हजारभर प्रौढांच्या गावात सात-आठ घरांमध्ये हा प्रश्न आहे.

छिन्नमनस्कता बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत सुरू होते. शिक्षण संपवून कामाला लागण्याचे, संसार मांडण्याचे हेच वय असते. कानात आवाज ऐकू येणे किंवा कोणी आपल्यावर पाळत ठेवतो असे वाटणे ही लक्षणे औषधांनी पुष्कळदा आटोक्यात येतात. कामाच्या आड येतात ती दुसरी, न ओरडणारी लक्षणे. उत्साह आटतो, पुढाकार घेता येत नाही, लक्ष टिकत नाही आणि एकामागून एक सांगितलेल्या चार गोष्टी ध्यानात राहत नाहीत. घरच्यांना हा आळस वाटतो. मग रागावणे, टोमणे मारणे सुरू होते आणि रुग्ण आणखी आत ओढला जातो. हा आळस नव्हे, आजाराचा भाग आहे, हे कुटुंबाला समजणे ही पुनर्वसनाची पहिली पायरी होय.

द्विध्रुवीय विकारात चित्र निराळे असते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात अनेक व्यक्ती पूर्ण क्षमतेने काम करू शकतात. त्यांच्या बाबतीत प्रश्न येतो तो झोप, औषधे आणि दिनक्रम सांभाळण्याचा.

आधी शिकवण की आधी काम

पुनर्वसनाची जुनी पद्धत पायऱ्यांची होती. आधी रुग्णालय, मग संरक्षित कार्यशाळा, मग प्रशिक्षण आणि शेवटी जमल्यास नोकरी. अनेक जण कार्यशाळेतच अडकून पडत. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात हा क्रम उलटा केला. ज्याला काम करण्याची इच्छा आहे त्याला, लक्षणे पूर्ण जाण्याची वाट न पाहता, त्याच्या आवडीचे खरे काम मिळवून द्यायचे, काम करता करता शिकवायचे आणि उपचार करणारा व काम मिळवून देणारा यांनी एकाच पथकात राहायचे, असे या पद्धतीचे सूत्र आहे.

युरोपातील सहा केंद्रांत ३१२ रुग्णांवर केलेली तिची चाचणी २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नव्या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी ५५ टक्के जणांनी किमान एक दिवस तरी खुल्या बाजारात काम केले. जुन्या पद्धतीत हे प्रमाण २८ टक्के होते. कामाच्या ताणाने आजार उलटेल ही भीतीही खरी ठरली नाही. नव्या पद्धतीतील रुग्ण पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण उलट कमी होते.

भारतातील अनुभवही आशादायक आहे. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभापासून पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांच्या एका गटाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यातील पुरुष रुग्णांपैकी बहुसंख्य दहा वर्षांनंतर काही ना काही कामावर होते. कुटुंबाचा आधार आणि घरच्या व्यवसायात सामावून घेण्याची सोय यांचा त्यात वाटा असावा, असे मानले जाते.

गावातले पुनर्वसन

शेतकरी समाजाने मनोरुग्णांना कामात सामावून घेतल्याचे जगातले सर्वांत जुने उदाहरण बेल्जियममधील गील या गावाचे आहे. तेथील कुटुंबे मध्ययुगापासून मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली. रुग्ण घरच्यांबरोबर जेवत आणि शेतावर हातभार लावत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांची संख्या साडेतीन हजारांवर होती.

पालमच्या परिस्थितीला अधिक जवळचे उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेलगत मध्य प्रदेशातील बडवानीचे आहे. कुष्ठरोग्यांसाठी सुरू झालेल्या आशाग्राम या संस्थेने तेथील ग्रामीण, बहुतांशी आदिवासी भागात छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी समाजाधारित पुनर्वसनाचा कार्यक्रम राबविला. स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन औषधांची चौकशी करीत, कुटुंबाला समजावीत आणि रुग्णाला त्याच्या कामाकडे परत नेत. केवळ बाह्यरुग्ण विभागात उपचार घेणाऱ्यांशी तुलना करता या रुग्णांचे उपचारातील सातत्य आणि कार्यक्षमता सरस आढळली. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००९ मधील अभ्यासात बचत गटाचे सदस्यत्व असलेल्या कुटुंबांत सुधारणा अधिक चांगली दिसली.

महाराष्ट्रात हीच दिशा साताऱ्यात पारखली गेली. गोवा, सातारा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम येथे २८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले स्थानिक कार्यकर्ते मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णांच्या घरी जात होते. वर्षअखेरीस लक्षणे आणि अपंगत्व या दोन्हींत घट झाली. ही घट माफक होती आणि तामिळनाडूतील केंद्रात ती अधिक ठळक होती. कार्यकर्ता तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, पण तज्ज्ञ जेथे रोज पोहोचू शकत नाही तेथे तो उपचाराचा धागा तुटू देत नाही, असा या चाचणीचा बोध आहे.

महाराष्ट्राची परंपरा

कामातून उपचार ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे देशातील पहिले प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने ‘त्रिदल’ या उपक्रमातून छिन्नमनस्कतेच्या रुग्णांचे पुनर्वसन हाती घेतले. मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ मधील ‘देवराई’ या चित्रपटाने हा आजार मराठी घराघरांत चर्चेचा विषय केला. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने कर्जत येथील केंद्रातून रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या घरी पोहोचविण्याचे काम केले. त्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या चळवळीने मराठीला दोन चांगले शब्द दिले. आजारातून सावरणारा तो ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणारा तो ‘शुभंकर’. ‘वेडा’ या शब्दाने माणसाचे सारे व्यक्तित्व पुसले जाते. नवे शब्द त्याला त्याच्या आजारापासून वेगळा करतात. मात्र या संस्थांचा भूगोल पाहिला, तर त्या मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात दिसतात. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयेही ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही.

रानातले काम आणि आजार

शेतीकामाचा एक मोठा गुण असा, की त्यात कामाचे लहानमोठे तुकडे पाडता येतात. कापूस वेचणीचे उदाहरण घ्यावे. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे सावकाश वेचणाऱ्याचा भार इतरांवर पडत नाही. जितके वेचले तितके पैसे हा हिशेब त्याला आणि मालकालाही मान्य असतो. सोबत माणसे असतात, पण सतत बोलण्याची सक्ती नसते. वेचणीचा मुख्य काळ पावसाळ्यानंतरचा असल्याने उन्हाचा कडाकाही कमी असतो. याउलट सोयाबीन काढणीचे काम पुष्कळदा टोळीने गुत्ते घेऊन केले जाते. एकरामागे ठरलेली रक्कम सर्वांत वाटली जात असल्याने मागे पडणाऱ्यावर इतरांचा राग निघतो. पहिल्या हंगामात वेचणी, निंदणी किंवा घरच्या जनावरांची देखभाल आणि जम बसल्यावर टोळीचे काम, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे ठरते.

काही कामे मात्र आजाराचे स्वरूप पाहूनच द्यावी लागतात. कृषिपंपांना रात्रीची वीज असली की पिकाला पाणी देण्यासाठी रात्रभर दारे धरावी लागतात. द्विध्रुवीय विकार असलेल्या व्यक्तीसाठी हे जागरण धोक्याचे आहे, कारण झोपमोड ही उन्मादाचा झटका येण्याचे ज्ञात कारण आहे. हे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले आहेत, त्याच्याकडे फवारणीचे काम देऊ नये आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत.

परभणीचा उन्हाळा हा आणखी एक विचार करण्याचा मुद्दा आहे. मनोविकारावरील अनेक औषधांमुळे शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती घटते. हातांची थरथर थांबविण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी घाम कमी करते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी व मीठ कमी झाले, तर औषधाचे रक्तातील प्रमाण घातक पातळीवर जाऊ शकते. वाढलेली थरथर, उलट्या, तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. दिवसभर राबल्यावर अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही लिथियमचे प्रमाण वाढवितात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत काम सकाळी लवकर आणि सायंकाळी ठेवावे, पाणी पुरेसे प्यावे आणि वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळीने सकाळी गुंगी राहत असेल, तर ती बंद करण्यापेक्षा घेण्याची वेळ बदलता येईल का, हे तज्ज्ञाला विचारावे. कामावर परतलेल्या अनेकांची औषधे याच गुंगीपायी सुटतात आणि काही महिन्यांत आजार उलटतो.

मजुरीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘जेवणावारी’ राबवून घेणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. केलेल्या कामाचा चालू दर त्या व्यक्तीच्या हाती पडला पाहिजे. स्वतःच्या कमाईने घरात किराणा आणणारा माणूस कुटुंबाच्या नजरेत पुन्हा उभा राहतो. औषधांनी जे साधत नाही ते बऱ्याचदा येथे साधते.

ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर हा मराठवाड्यातील विशेष अडथळा आहे. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली जाते. दोघांतील एक आजारी पडला, की उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षाचे कर्ज वाढते. ऊसतोडीच्या फडावर औषधे संपली, तर ती मिळण्याची सोय दूर असते. आजारातून नुकत्याच उठलेल्या व्यक्तीने पहिल्या हंगामात गावातच राहणे इष्ट. जावेच लागले, तर हंगामभर औषधे कोठून मिळतील हे आधी ठरवावे आणि उपचारांचे कागद सोबत ठेवावेत.

स्त्रियांची स्थिती अधिक नाजूक असते. स्त्री चुलीपाशी उभी राहिली, की ती बरी झाली असे समजले जाते. तिच्या कामाला मोबदला नसतो आणि आजार उलटला तर तिला माहेरी धाडले जाते. बचत गटातील सदस्यत्व, शेळीपालन किंवा शिवणकाम यांतून तिच्या नावावर येणारे उत्पन्न तिच्या सुरक्षिततेसाठी महत्त्वाचे ठरते.

कायद्याचे पाठबळ

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वाचा दर्जा दिला, परंतु सरकारी नोकरीतील राखीव जागांत त्याला स्थान नव्हते. ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मिळाले. चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. मूळ काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हे तत्त्व मानसिक आजाराला स्पष्टपणे लागू केले.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अंमलात आहे. त्याने उपचाराचा, समाजात राहण्याचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे. रुग्णाच्या आजाराची माहिती त्याच्या संमतीवाचून मालकाला देता येत नाही. आजाराविषयी मालकाला सांगावे की नाही, हा निर्णय त्या व्यक्तीचा आहे.

अपंगत्वाचे प्रमाण ठरविण्यासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. स्वतःची निगा, इतरांशी वागणूक, संवाद व आकलन आणि काम या चार अंगांनी ती व्यक्तीची स्थिती तपासते. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास प्रमाणपत्र आणि ओळखपत्राच्या आधारे बहुतेक योजनांचा लाभ घेता येतो. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून स्वयंरोजगारासाठी कर्जाची सोय आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असा राज्य सरकारचा आदेश आहे. हा निधी मनोविकारातून सावरणाऱ्यांसाठीही वापरता येतो, याची माहिती अनेक गावांत नसते. वस्तूंच्या वाटपापेक्षा शिलाई यंत्र किंवा लहान टपरीसाठी तो दिला गेला, तर त्याचे चीज होईल.

साखळीतील दुवे

काम टिकायचे तर औषध टिकले पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. तज्ज्ञाने निदान करून उपचार ठरवावेत आणि पुढील औषधे रुग्णाला घराजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळावीत, ही त्यामागील कल्पना आहे. पालमच्या रुग्णाला औषधाच्या पट्टीसाठी दर महिन्याला परभणी किंवा नांदेड गाठावे लागले, तर एका दिवसाची मजुरी आणि बसभाडे बुडते. सोबत नातेवाईक असेल तर दोन मजुऱ्या बुडतात. घराजवळ औषध मिळणे ही म्हणूनच रोजगाराचीही बाब आहे. गोळ्या विसरणाऱ्यांसाठी काही आठवडे परिणाम टिकणारी इंजेक्शने हा एक पर्याय आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्तींना घरोघरी मानसिक ताणाची चौकशी करण्याचे काम देण्यात आले. बडवानी आणि साताऱ्यात जे काम स्थानिक कार्यकर्त्यांनी केले, त्यासाठी लागणारी माणसे पालमच्या गावांतही आहेत. त्यांना तीव्र मनोविकारांचे प्रशिक्षण, तज्ज्ञाची देखरेख आणि कामाचा योग्य मोबदला मिळण्याची गरज आहे. दूरध्वनीवरून सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे.

आजार उलटला तर

कामावर परतलेल्या काहींचा आजार पुन्हा डोके वर काढतो. झोप उडणे, एकटे राहणे, विनाकारण संशय, जेवण टाळणे ही त्याची आरंभीची लक्षणे बहुधा घरच्यांच्या आणि सोबत्यांच्या आधी ध्यानात येतात. अशा वेळी काही दिवस सुटी, तज्ज्ञाची भेट आणि औषधांत बदल यांनी पुष्कळदा निभावते. या काळात कोणाला कळवायचे आणि परत आल्यावर काम राखून ठेवायचे, हे मालक, कुटुंब आणि शुभार्थी यांनी आधीच ठरवून ठेवावे.

पुनर्वसनाचे यश पूर्णवेळ नोकरीनेच मोजण्याचे कारण नाही. आठवड्यातले तीन दिवस वेचणीला जाणारा, मिळालेल्या पैशातून स्वतःची औषधे आणणारा आणि आजाराच्या एका फेऱ्यानंतर पुन्हा रानात उतरणारा माणूस कामावर परतलेलाच आहे. त्याला त्याच्या कामाचा पूर्ण दर देणे आणि आजारपणानंतर त्याची जागा त्याला परत देणे एवढे मालकाने केले, तरी पुनर्वसनाचा गावाच्या वाट्याचा मोठा भाग पार पडतो.